पद्माचे पॉइंट

“नमस्कार, भरारी क्लब. मी रोहिणी बोलतेय. काय मदत करू?”

“मी मिरजेहून बाळासो मगदूम बोलतोय. तुमच्याकडं माझ्या बायकोचं खातं आहे. पद्मा बाळासो मगदूम. ती गेल्या महिन्यात वारली. तिच्या पॉइंटांवर मला दिब्रुगडचं तिकीट पाहिजे.”

मग ती बाई म्हणाली, “सर, आवाज नीट येत नाहीये. तुम्हाला कुठं जायचंय तेवढं सांगा.”

“दिब्रुगड. आसामात. पण आधी ऐकून घ्या, खातं जिच्या नावावर आहे ती वारलीय.”

“दिब्रुगड कळलं, सर. पुढचं काही ऐकू आलं नाही.”

“वारली!” मी ओरडलो. “माझी बायको वारली!”

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई हातातलं धुणं तसंच धरून माझ्याकडं बघायला लागली. मी खिडकी लावून घेतली.

“सर,” रोहिणी म्हणाली, आता जरा हळू, “लाइन खराब आहे. नीट झाली की परत फोन करा. आणि मलाच मागा. रोहिणी. तिकिटाचं बोलू आपण. फक्त तिकिटाचं.”

तिनं फोन ठेवला.

मी टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढली. आधी लाइनमन, मग फोन मेकॅनिक. आवाज येत नाही असं कुणी म्हटलं तर आम्ही वाद घालत नाही. उठतो आणि बघतो. मी कपाटातून पक्कड आणि जुना टेस्ट फोन काढला, भिंतीवरची फोनची डबी उघडली. आत तारेच्या सांध्यावर हिरवा गंज चढला होता. मला बरंच वाटलं. बिघाड सापडला की माणसाला बरं वाटतं. तार तासली, सांधा नवा केला, रिसीव्हरची दोरी बदलली, पार खांबापर्यंत लाइन तपासून आलो.

पद्मा असती तर हसली असती. ती नर्सिंगच्या पोरींना शिकवायची. पुढं तिला देशभरची नर्सिंग कॉलेजं तपासायच्या समितीवर घेतलं. रांची, भोपाळ, इंफाळ, कुठं कुठं जायची विमानानं. आमच्या खात्यातले लोक मला चिडवायचे, “मगदूम, बायको आभाळात आणि तुम्ही खांबावर. वर कोण आहे म्हणायचं?” मी कधी विमानात बसलो नव्हतो. प्रत्येक प्रवासाला तिला पॉइंट मिळायचे. ते तिनं कधी वापरले नाहीत. म्हणायची, अनुजाच्या बाळंतपणाला दोघं जाऊ, तुम्हाला विमान दाखवते.

अनुजा आमची एकुलती एक, लग्न होऊन दिब्रुगडला गेलेली. जावई अभिनंदन तेल कंपनीत, पंधरा पंधरा दिवस विहिरीवर असायचे. पोरीचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्या वेळेला पद्मा तिथं पोचेपर्यंत सगळं झालं होतं. म्हणून या खेपेला तिनं सहाव्या महिन्यापासूनच तयारी धरली. डिंक आणला, अळीव निवडले, बाळंतशेपा भाजून डब्यात भरला. मग तिलाच ताप आला. तपासण्या झाल्या, दवाखाना झाला, मिरजेत जेवढे मोठे डॉक्टर आहेत तेवढ्यांनी तिला बघितलं. ते सगळे तिला नावानं ओळखत होते. उपयोग झाला नाही.

शेवटी शेवटी तिला बोलायला धाप लागायची. मास्क बाजूला करून ती म्हणाली, “पॉइंट आहेत. तुम्ही जा. माझ्यासाठी थांबू नका.” मला वाटलं, ग्लानीत बोलतेय. संध्याकाळी तिनं परत तेच सांगितलं आणि तिचा मोबाइल माझ्या हातात दिला.

आता नववा लागला होता आणि अनुजाचे पाय सुजायला लागले होते. रेल्वेनं निघावं तर तिकडं पुरानं रूळ वाहून गेलेले. विमानाचं तिकीट विकत घ्यावं तर पद्माच्या आजारपणात हात रिकामा झालेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुजाचा फोन आला.

“अण्णा, बीपी अजून वर आहे.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“म्हणतात, दोन दिवस बघू. नाहीतर सीझर करू.”

“अभिनंदनराव?”

“निघालेत. पण रस्ता बंद आहे, कधी पोचतील सांगता येत नाही.” मग म्हणाली, “अण्णा, मागच्या वेळेला पण असंच सुरू झालं होतं. आधी पायच सुजले होते.”

“मी येतोय,” मी म्हणालो.

“तुम्ही येऊन काय करणार अण्णा? तुम्हाला चहासुद्धा करता येत नाही.” ती हसायचा प्रयत्न करत होती, ते मला कळत होतं.

“बाकी काही नाही, बसून तरी राहीन तुझ्याजवळ.”

फोन ठेवला आणि लगेच क्लबचा नंबर फिरवला. बराच वेळ संगीत वाजलं. कुणीतरी दुसरं बोललं, मी रोहिणीला मागितलं. आवाज अगदी स्वच्छ होता, माझ्या हातचा सांधा होता तो. रोहिणी आली.

“मी मगदूम. कालचा. लाइन दुरुस्त केलीय, मी स्वतः केलीय. आता नीट ऐका.”

“सर, दिब्रुगडच्या तिकिटाचं ना? कधीचं...”

“तिकिटाचं मागाहून. आधी नोंद करून घ्या. खातेदार पद्मा बाळासो मगदूम, मयत...”

खट्. फोन बंद.

मी पुन्हा लावला. सगळे प्रतिनिधी व्यस्त आहेत. पुन्हा लावला. तेच.

आमच्या खात्याची रीत वेगळी होती, म्हणून मी असा बोलत होतो. फोन ज्याच्या नावावर तो माणूस गेला तर घरच्यांनी ते पहिल्यांदा सांगायचं. सांगितलं की वारसाच्या नावावर फोन होतो. लपवलं आणि नंतर उघडकीला आलं की लाइन तोडायला मलाच पाठवायचे. अशा किती घरांतून मी शिव्या खाऊन आलो होतो. प्रत्येक ठिकाणी सांगायचो, अहो, आधी सांगितलं असतं तर काही झालं नसतं. मग मी स्वतः कसा लपवीन?

त्याच वेळेला पद्माच्या मोबाइलवर संदेश आला. तो मोबाइल मी चालू ठेवला होता. प्रिय सदस्य, एक तारखेपासून आपला भरारी क्लब नव्या कंपनीकडे जात आहे, नवे नियम लागू होतील, बदलाच्या काळात काही दिवस पॉइंटांवरची तिकिटं मिळणार नाहीत. एक तारीख परवावर आली होती.

मी मोबाइल घेऊन खाली जमीरकडं गेलो. जमीर शिकलगार आमच्या खालच्या गाळ्यात शेअर दलालाचं ऑफिस चालवतो. लहानपणापासून आमच्या घरात वाढलेला. पद्मानं त्याची सगळी इंजेक्शनं टोचली होती. तो म्हणायचा, काकू दिसल्या की अजून माझा दंड दुखतो.

“या काका, बसा,” तो म्हणाला. संदेश वाचून त्यानं मान हलवली. “होय, विकायला काढलाय तुमचा क्लब. पेपरात येतंय रोज.”

“विमान कंपनी विकायला काढली?”

“कंपनी नाही. नुसता क्लब. अर्धा हिस्सा बाहेरचे गुंतवणूकदार घेणार.”

“पॉइंट म्हणजे काय विकायची वस्तू आहे काय?”

“काका, विमानात तोटा आणि पॉइंटात नफा, असा धंदा आहे हा. विमानाला इंधन लागतं, पायलट लागतो. पॉइंटाला काय लागतंय? बँका ते कंपनीकडनं विकत घेतात आणि आपल्या कार्डवाल्यांना वाटतात. पैसा आधीच आला. आणि निम्म्या लोकांकडनं ते वापरलेच जात नाहीत. विसरतात. आळस करतात. तारीख उलटून जाते.” तो थांबला.

“अजून काय?”

“अजून... मरतात, काका.”

मी खुर्चीत टेकून बसलो.

“म्हणजे पद्माचे पॉइंट विकले त्यांनी.”

“पॉइंट नाही. काकू ते वापरणार नाहीत, ही खात्री विकली. घेणारा तेवढंच मोजतो. किती पॉइंट बाहेर आहेत आणि त्यातले किती परत कधीच येणार नाहीत.”

“पण मी वारस आहे की.”

जमीरनं संगणकावर काहीतरी उघडलं आणि वाचलं. बराच वेळ वाचत होता. “पॉइंटाला वारस नसतो. सदस्य मयत झाल्याचं कळलं, त्या क्षणाला खातं बंद. असंच लिहिलंय.”

“मग कालच बंद झालं असणार. मी काल तीन वेळा सांगितलं. आज परत सांगितलं.”

“कुणाला सांगितलंत?”

मी सगळं सांगितलं. लाइन खराब असल्याचं, गंजलेल्या सांध्याचं, आज फोन कापल्याचं. सांगता सांगता मला राग आला. “एवढी मोठी कंपनी आणि फोन धड नाहीत. आमच्या खात्यात असं असतं तर साहेबानं...”

“थांबा,” जमीर म्हणाला. “दिब्रुगड तिला ऐकू आलं?”

“आलं.”

“तुमचं नाव?”

“तेही आलं.”

“आणि काय ऐकू आलं नाही?”

“पद्मा गेल्याचं.”

“प्रत्येक वेळेला फक्त तेवढंच?”

“तेवढंच.”

“काका,” जमीर म्हणाला, “छत्तीस वर्षं फोन दुरुस्त केलेत तुम्ही. नेमकं तेवढंच अडवणारा बिघाड कधी बघितलाय?”

मला आठवतंय, समोर त्याच्या भिंतीवर कंपन्यांचे आकडे सरकत होते, लाल आणि हिरवे, आणि मी त्यांच्याकडं बघत राहिलो. एखाद्या खांबावर उलटी तार जोडली असावी आणि खाली उतरल्यावर ध्यानात यावं, तसं झालं.

“फोन लावा,” जमीर म्हणाला. “इथूनच लावा, स्पीकरवर. आणि मी हात वर केला की गप्प बसायचं.”

“मी खोटं बोलणार नाही, जमीर.”

“खोटं बोलू नका. न विचारलेलं सांगू नका.”

“आणि तिनं विचारलं तर? हयात आहे का म्हणून?”

“विचारणार नाही,” तो म्हणाला. पण त्याच्याही कपाळाला घाम आला होता.

परत संगीत. परत दुसरा कुणीतरी, या वेळेला पुरुष, चांगला गोड आवाजाचा. “सांगा सर, मीच मदत करतो.” मी रोहिणीलाच पाहिजे म्हणालो. तो म्हणाला, त्या दुसऱ्या कॉलवर आहेत, माझ्याकडंही सगळी माहिती आहे. जमीर मान हलवत होता, नको, नको. मी म्हणालो, थांबतो. तो म्हणाला, फार वेळ लागेल. मी म्हणालो, लागू दे.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मधे पद्माच्या मोबाइलवर अनुजाचा संदेश आला, ती दवाखान्यात दाखल झाली होती. आईच्या नंबरवर पाठवला होता. चुकून पाठवला की सवयीनं, मी तिला कधी विचारलं नाही.

“नमस्कार सर, मी रोहिणी.”

आवाज तिचाच, पण पाठ केल्यासारखा. “हा कॉल आमच्या अधिकाऱ्यांबरोबर इतरही अधिकृत व्यक्ती ऐकत आहेत. आपली हरकत नाही ना?”

जमीरनं कागदावर लिहिलं, घेणाऱ्यांची माणसं. आणि माझ्यासमोर सरकवलं.

“हरकत नाही,” मी म्हणालो.

“सदस्य क्रमांक सांगाल?”

सांगितला. पद्माची जन्मतारीख विचारली, सांगितली. मोबाइलवर आकडे आले, ते सांगितले. पुण्याहून कोलकाता, तिथून दिब्रुगड, उद्याची एकच जागा आहे म्हणाली. नाव, वय. मी एकेक उत्तर देत होतो आणि प्रत्येक उत्तराच्या आधी जमीरच्या हाताकडं बघत होतो. पलीकडं कुणीतरी खोकलं. ती रोहिणी नव्हती.

“सर, एक शेवटचा प्रश्न. हा नियमाप्रमाणे विचारावा लागतो.” मग तिनं विचारलं. “आपल्या नावानं हे तिकीट काढायला सदस्यांची संमती आहे का?”

जमीरचा हात वर गेला आणि तिथंच राहिला. गप्प बसून चालणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

माझ्या डोळ्यांसमोर पद्माचा हात आला, मास्क बाजूला करणारा.

“आहे,” मी म्हणालो.

“त्यांनी स्वतः सांगितलंय?”

“स्वतः सांगितलंय. दोन वेळा. थांबू नका म्हणाली.”

मला वाटलं, सगळं संपलं, त्या ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी हात वर केला असणार. मग बटणं दाबल्याचा आवाज यायला लागला.

“धन्यवाद, सर. त्यांच्या खात्यात जैन जेवण लिहिलंय. आपल्यालाही तेच ठेवू?”

“ठेवा.”

“आणि खिडकीजवळची जागा. त्या नेहमी खिडकीच घ्यायच्या... घेतात. तीच देऊ?”

मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिला कधी विचारलंच नव्हतं, विमानात कुठं बसतेस म्हणून.

“द्या,” मी म्हणालो.

तिकीट पद्माच्या मोबाइलवर आलं. जमीरनं ते तीन वेळा वाचलं आणि मग टेबलावर डोकं टेकलं. “काका,” तो म्हणाला, “माझे लाखाचे सौदे होतात रोज, पण असा जीव कधी गेला नव्हता. आता चहा सांगतो. तुम्हाला तर तोही करता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी विमानात बसलो, पद्मानं भरून ठेवलेला डिंकाचा आणि बाळंतशेपाचा डबा मांडीवर घेऊन. कोलकात्याला उतरून दुसरं विमान कसं गाठलं ते माझं मला माहीत. दवाखान्यात पोचलो तेव्हा अनुजाला आत नेत होते. तिनं मला बघितलं आणि म्हणाली, “आलात?” बस, एवढंच. मी दाराबाहेर बसून राहिलो. मुलगी झाली. बारीक होती, पण रडली मोठ्यानं. जावई दुसऱ्या दिवशी पोचले. त्या मुलीला आता दहावं लागलंय आणि ती माझं काही ऐकत नाही.

क्लब एक तारखेला नव्या लोकांकडं गेला. पद्माचे उरलेले पॉइंटही त्यांच्याकडं गेले. मला त्याचं काही नाही.

मला सांगायचंय ते तिकीट मिळालं त्या संध्याकाळचं. मी बॅग भरत होतो. स्वेटर कोणता घ्यावा ते कळत नव्हतं, ही कामं पद्माची. घरातला फोन वाजला. मला वाटलं, अनुजा.

“सर, मी रोहिणी.”

“तिकीट रद्द झालं का?”

“नाही नाही. तिकीट पक्कं आहे. मी घरी आलेय, माझ्या फोनवरून बोलतेय. सकाळी फोन कापला त्याची माफी मागायची होती. माझ्या शेजारी खरेदीदारांकडची एक बाई येऊन बसत होती, मराठी कळणारी. तुम्ही मयत शब्द उच्चारलात आणि माझा हात बटणावर गेला.”

“म्हणजे तुम्हाला ऐकू आलं होतं.”

“काल पहिल्यांदा म्हणालात तेव्हाच आलं होतं.” तिचा श्वास ऐकू येत होता. “आम्ही सगळेच असं करतो सर. आधी तिकीट काढून द्यायचं, मग बातमी ऐकायची. नव्या लोकांकडं हे चालणार नाही. पण बहुतेक लोकांना दुसऱ्यांदा लाइन खराब म्हटलं की कळतं. तुम्ही ओरडायलाच लागलात.”

“मी लाइन दुरुस्त केली,” मी म्हणालो.

ती हसली. मग तिला हसू आवरेना, आणि मलाही आलं. पद्मा गेल्यानंतर घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल तर ते आम्ही दोघं, फोनवर.

“तुमच्या नोकरीला काही होणार नाही ना?” मी विचारलं.

“बघू. त्या बाईनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. पण काही लिहिलं नाही.” मग ती म्हणाली, “सर, मॅडमना काय झालं होतं?”

मी सांगायला तोंड उघडलं. गेला महिनाभर घरी माणसं येत होती, पण येणाऱ्या प्रत्येकाला सगळं आधीच माहीत असायचं. ते बसायचे, मान हलवायचे, उठायचे. ऑफिसांतून, बँकेतून मी तीच ओळ कितीदा म्हटली होती, नोंद करून घ्या म्हणून. आता कुणीतरी विचारत होतं. मला पहिला शब्द सापडेना. मी रिसीव्हर धरून तसाच भिंतीला टेकलो, आणि जे इतके दिवस आलं नव्हतं ते सगळं आलं.

तिनं फोन ठेवला नाही. पलीकडं तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी तिला हाक मारली, ती “आले” म्हणाली आणि थांबलीच.

“सावकाश सांगा, काका,” बऱ्याच वेळानं ती म्हणाली. “आता दुसरं कुणी ऐकत नाहीये.”